सिस्टरबाईंचा दवाखाना बंद पाडला त्यांनी

आमच्या गावचा दवाखाना बंद पाडणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ पुढं होता. आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

जळकोटपासून आत आमचं गाव. तिथं मिशनच्या दोन ख्रिस्ती सिस्टर राहायच्या. त्यांतल्या एक जणी शाळा सुटलेल्या पोरींना शिकवायच्या. मी दहावीला नापास झाले तेव्हा त्यांनीच मला पुन्हा परीक्षेला बसवलं. म्हणून आज मी अहमदपूरला शिक्षिका आहे. आम्ही लिंगायत, पण माझ्या गळ्यातलं लिंग त्यांना कधी खुपलं नाही. दुसऱ्या, केरळच्या, दवाखाना बघायच्या. धिप्पाड आणि भलत्या तापट. त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणायचे.

वैनीचं बाळंतपण अडलं, बाळ आडवं आलं, तेव्हा भाऊ ओसरीवर डोकं धरून बसला होता. सिस्टरबाईंनी जीप काढली आणि नांदेडपर्यंत वैनीचा हात सोडला नाही. मायलेकी दोघी वाचल्या.

पुढच्याच वर्षी कुणीतरी मोबाईलवर पाठवलं, की या बाया औषध देऊन धर्म बाटवतात. मी सुट्टीला गावी होते. सकाळी पोरं दवाखान्यासमोर घोषणा द्यायला लागली. ओट्यावर बाया लेकरं घेऊन बसलेल्या, त्यांत वैनीही होती. सिस्टरबाई लालबुंद होऊन दारात आल्या.

"ओरडायचं तेवढं ओरड," त्या भावाला म्हणाल्या, "पण तुझी पोरगी लई खोकून राहिली. मला तिला तपासू दे."

"आमची पोरगी आमी बघू. तुमी गाव सोडा."

वैनी ताडकन उठली. "मी जीपमधी रगतात पडले व्हते, तवा कुठं व्हता तुमचा धरम?"

भावानं तिला दंडाला धरून ओढत नेलं. मी आडवी गेले, तर म्हणाला, "आक्का, शाळा तुझी तिकडं. इथं शिकवू नको."

मग घरमालकावर दबाव आला. त्यानं जागा खाली करायला सांगितली. टेम्पोत खाटा चढत होत्या, मी रडत होते. सिस्टरबाई माझ्यावरच खेकसल्या, "रडतेस काय? वेशीजवळच्या घरातल्या सुनेचे दिवस भरत आलेत. तिला आधीच नांदेडला न्यायला सांग."

मी त्या सुनेच्या घरी जाऊन सांगितलं. तिचा सासरा म्हणाला, "बघू की." तिच्या कळा सुरू झाल्यावर घरचे रिक्षा शोधायला निघाले. बाळ रस्त्यातच गेलं.

माती देऊन भाऊ परत आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "देवाची मर्जी."

माझ्या हातातला तांब्या मी अंगणात भिरकावला. "देवाचं नाव घेऊ नको. मर्जी तुमची व्हती."

तेव्हापासून मी भाऊबीजेला जात नाही. आई फोनवर म्हणते, "किती दिस धरून बसशील, बाई?" मी विचारते, गावात नर्स आली का? ती म्हणते, "न्हाई अजून." मग मी फोन ठेवते.