पुराची रेघ

माझं तोंड मोठं आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक. तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली, आवाज दुसरा कसा असणार? कोणी माझं ऐकतं, कोणी 'बाईची बडबड' म्हणून सोडून देतं. एकदा मात्र ज्यांनी सोडून दिलं त्यांचंच भलं झालं. ते सांगताना अजून लाज वाटते.

आमचं गाव मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर. त्या साली धरणाचं पाणी सुटलं आणि नदी गावात शिरली. तीन दिवस आम्ही सगळे टेकाडावरच्या शाळेत होतो. पाणी उतरल्यावर खाली आलो तर घराघरात गाळ, आणि कुजलेल्या धानाचा असा वास, की नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहवेना. पण रडत कोण बसतो? कोणी वाहून आलेली लाकडं ओळखून आपापली बाजूला काढत होतं, कोणी छपराच्या फुटक्या कवेलूंतून धड तेवढे निवडत होतं.

तेवढ्यात कळलं, उद्या पंचनाम्याला साहेब येणार. झालं, माझं तोंड सुरू झालं. गल्लीगल्लीत ओरडत फिरले, "उद्या साहेब येऊन राह्यले! घरं झाडा, सारवा, भिंती पोतारा! गाव घाण दिसाले नाई पायजे!" अंगणवाडी तपासायला कोणी येणार असलं की मी जन्मभर हेच करत आले होते. साहेब म्हणजे झाडलोट आणि दारात रांगोळी. पंचनामा कशाचा होतो, हे डोक्यात आलंच नाही. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

लोक शहाणे. हो हो म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. ऐकलं फक्त माझ्या समोरच्या मावशीनं. नवरा कधीच वारलेला, मुलगा तेलंगणात बांधकामावर. तो लहानपणी माझ्याच अंगणवाडीत खाऊन वाढला, म्हणून मी म्हणेन ते तिला खरं. घर मातीचं, आणि नदीकडची भिंत खालून पार भिजलेली. पंचनाम्यात घर आलं तर सरकारी मदतीनं ती भिंत नवी होणार होती. नाही आलं तर ती कधी ना कधी बसणार, आणि वरचं छप्पर मावशीच्या अंगावर.

दुसऱ्या दिवशी साहेबांना घरं दाखवायला मीच सोबत होते. बिचारा पोरगेलासा माणूस, चिखलात बूट फसून पार वैतागलेला. मावशीच्या दाराशी आलो आणि तो थांबलाच. अंगण शेणानं सारवलेलं, दारात रांगोळी, तांब्या घासून लखलखीत. घराच्या चारही भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या, सणाला पोतारतात तशा.

"इथं पाणी आलं होतं?" त्यानं विचारलं.

मावशी खुशीत पुढं आली. "आलं होतं ना साहेब, छातीएवढं! पर पाहा, आता काईच दिसत नाई!"

साहेबानं मान हलवली आणि 'नुकसान नाही' लिहायला कागदावर पेन टेकवलं. आधी मला मावशीचाच राग आला, की अगं बये, एवढं काऊन केलंस? मग आठवलं, केलं कोणाच्या सांगण्यावरून.

"थांबा साहेब!" मी ओरडले. कोपऱ्यातला विळा उचलला आणि नदीकडच्या भिंतीवर फिरवायला लागले. ओली पांढरी माती ढलप्या होऊन पडू लागली. तिच्याखाली छातीच्या उंचीवर पुराची मातकट रेघ निघाली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तळाशी बोट लावलं तर आत गेलं. साहेबानं फोटो काढले, घर लिहून घेतलं.

सगळा दिवस वाकून वाकून, दुखऱ्या कमरेनं मावशीनं ते घर उजळलं होतं. ती खाली बसली आणि पडलेली माती सुपात गोळा करत राहिली. मला तिच्याकडं पाहवेना.

मदत आली. ती भिंत पाडून विटांची झाली, बाकीच्या तीन जुन्याच राहिल्या. हळूहळू गावही उभं राहिलं. दिवाळीला मावशीनं पुन्हा घर पोतारलं, पण दाराजवळ हातभर जुनी भिंत खरवडून तशीच सोडली. त्या तुकड्यात पुराची रेघ. दर वर्षी असंच. गल्लीतल्या बाया चिडवायच्या, "मावशी, माती सरली का वं?" ती नुसती हसायची.

या दिवाळीला मला राहवलं नाही. मातीची बादली आणि फडकं घेऊन मीच तिच्या दारात गेले. म्हटलं, "मावशी, किती वर्सं ठेवशील ते? आण, मी पोतारून देतो." माझा हात भिंतीला लागायच्या आत तिनं मनगट धरलं. रागानं नाही, लहान पोराचा धरावा तसं हळूच.

"नोको बाई," ती म्हणाली. "मांगच्या बारीले तुमचंच आयकलं होतं."