हिरेमठांना पाच आणि मला दोनच?

परदेशी निघालेल्या माणसाला कुठकुठल्या लशी टोचाव्यात, हे ठरवण्याचा अधिकार आमच्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना आहे.

झालं असं, की पुण्याच्या लेकीनं, मनीषानं, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. मी निवृत्त भूगोल शिक्षक. जन्मभर पोरांकडून महासागरांची नावं घोकून घेतली, पण स्वतः मोठं पाणी पाहिलं ते उजनी धरणाचं! त्यामुळं मी हवेत होतो. तेवढ्यात तिचा फोन आला, "बाबा, निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून लशी घ्या हं."

"कसल्या लशी? मी काय तान्हं बाळ आहे?" मी कडाडलो. (इंजेक्शनला मी अजिबात घाबरत नाही. सुई दिसली की घाम फुटतो, तो सोलापूरच्या उन्हानं!)

नेमका तेव्हाच नातेपुत्याहून माझा मेहुणा बबन आला होता. त्याचा दुधाचा धंदा. त्यानं लगेच तोंड घातलं.

"दाजी, आमच्या जर्सीला नुसतं बाजारात न्यायचं म्हटलं तरी लस टोचाया लागती. तुमी तर समुद्रापार चाललाय की!"

"बबन, मी जनावर नाही!"

"ते बी खरंच हाय. जनावर गुमान टोचून घेतंय."

बबनची थोरली बहीण, म्हणजे माझी बायको सुलभा, तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. माझा अपमान झाला की हिला नेमकं आतलं काम आठवतं!

आता मात्र मी हट्टालाच पेटलो. एकही लस घेणार नाही! हा बाणेदार निर्णय मी कुंपणावरून शेजारच्या हिरेमठांनाही ऐकवला. हे गृहस्थ गेल्या वर्षी क्रूझ करून आलेत आणि तेव्हापासून स्वतःच्या गच्चीला डेक म्हणतात.

"एकही नाही?" हिरेमठ माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले, जणू मी धोतरावर जहाजात चढणार होतो. "सर, मी पाच घेतल्या. पाच! इंटरनॅशनल प्रवास आहे, अक्कलकोटची एसटी नव्हे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिक्षातून सात रस्ता चौकापर्यंत जाताना ज्याला चक्कर येते, त्या माणसाला पाच? आणि मला एकही नाही? मी पायांत चपला सरकवल्या आणि सुलभाला हाक मारली. "चल, डॉक्टरकडं!" बबन न बोलावता मागं आला.

डॉक्टर मृणाल माझीच विद्यार्थिनी. तिनं सगळं नीट विचारलं, तपासलं आणि म्हणाली, "सर, तुम्हा दोघांना फ्लूची आणि टायफॉइडची, एवढ्या दोन पुरेत."

"दोनच? हिरेमठांना पाच आणि मला दोनच?"

"ते आफ्रिकेकडं गेले होते, सर. तिकडं पीतज्वराची लस लागते. तुम्हाला नाही लागणार."

"का नाही लागणार? उद्या बंदरात मला एकट्यालाच अडवलं म्हणजे? तू मला भूगोल शिकवू नकोस!"

"नाही शिकवत, सर. पण सिंगापूर आशियात येतं, हे तुम्हीच शिकवलंय."

बाहेर बसलेले पेशंट खो खो हसले. त्यात बबन दारातून ओरडला, "मॅडम, दाजींस्नी समदी टोचा! उरल्याली मी गाईंस्नी नेतो!"

आधी सुलभाचा नंबर लागला. तिनं दोन्ही लशी घेतल्या, त्याही नर्सला शेंगाच्या चटणीत तिखट किती घालायचं ते सांगत सांगत. मग मी बाही वर केली. तिसऱ्या लशीसाठी माझा युक्तिवाद चालूच होता. "हे बघ मृणाल, प्रश्न लशीचा नाही, प्रश्न समान वागणुकीचा..." असं म्हणत मी मान वळवली. समोर सुई होती.

पुढं मला दिसलं ते थेट छतच. बबननं माझं मुंडकं वासरासारखं काखेत धरलं होतं.

"किती झाल्या रे?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"एकबी न्हाय. आजून नुस्ता कापूस लावलाय."

शेवटी मला आडवं निजवून दोन्ही लशी दिल्या. बबननं एका हातानं पाय दाबून धरले होते, आणि "हो हो, राजा, झालंच आता!" असं म्हणत दुसऱ्या हातानं तो माझ्या मांडीवर थोपटत होता. विद्यार्थिनीच्या दवाखान्यात! माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीचा दरारा त्या थोपटण्यात गेला तो गेलाच.

असो. विमान झालं, सिंगापूर झालं, आणि मी रुबाबात जहाजावर चढलो. कठड्यापाशी उभा राहून सुलभाला समुद्री प्रवाह समजावून सांगत होतो, तोच पोटात ढवळायला लागलं. मी कठडा घट्ट धरला आणि डोळे मिटले.

"सुलभा, मला बोट लागली गं! कुणी तरी त्या कॅप्टनला सांगा, काय ही चालवायची पद्धत? जरा हळू चालव म्हणावं!"

"अहो," सुलभा हळूच म्हणाली, "अजून सुटली नाहीये."