वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

माझा शाळेपासूनचा मित्र अरुण गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाझियाबादच्या माझ्या दुकानात पाण्याचे पंप विकायला आलेल्या एकाशी किमतीवरून भांडत होतो. भांडण अर्धवट सोडून निघालो... आता महिना उलटला, तरी अरुणवरचा माझा राग उतरलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात, सरकारी नोकरीतून नुकताच निवृत्त झालेला तो मला म्हणाला, "शेठ, कॉम्प्युटर जुळवायचाय. ॲनिमेशन शिकणार. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात चल, घासाघीस तू कर." मी रिकाम्या हाताने दिल्लीत आलेला माणूस, घासाघिशीवरच उभा राहिलो. दुकानदाराला पिळून पिळून मी मागच्या पिढीचा प्रोसेसर आणि त्याचा बोर्ड अगदी पडत्या भावात पदरात पाडून घेतला. शिकाऊ माणसाला तेवढा पुष्कळ होता. सौदा ठरला आणि अरुण शांतपणे म्हणाला, "हा नको. नवा घेऊ. या जुन्यात पुढे काही वाढवता येणार नाही."

"तुला काय रॉकेट उडवायचंय?" मी भडकलो.

"अरे, आई शाळेचा गणवेश कसा घ्यायची? वाढत्या अंगाचा. तसा घेऊ."

दुकानदार गोंधळला. "भाईसाहब क्या कह रहे हैं?"

"कह रहे हैं, बच्चा अभी बड़ा होगा," मी म्हणालो, आणि रागारागातच नव्याच्या भावाची घासाघीस सुरू केली.

त्याच्या आजाराचे रिपोर्ट त्या खरेदीच्या आदल्याच दिवशी आले होते. हे त्याच्या बायकोनं, सुनीतावहिनींनी, मला स्मशानातून परतल्यावर सांगितलं. डॉक्टरांनी वर्षाचीही आशा दिली नव्हती. मला का सांगितलं नाहीस, अरुण? याची माफी नाही. पण हे माहीत असलेला माणूस दुकानात उभा राहून पुढे वाढवायला जागा मागतो... अशी छाती मी इतक्या वर्षांच्या धंद्यात कुणाची पाहिलेली नाही.

परवा वहिनींनी फरीदाबादला त्यांच्या घरी बोलावलं. "भावोजी, हा कॉम्प्युटर विकून टाका. बघवत नाही." पडद्यावर त्याचं शेवटचं काम होतं. एक खार कडुनिंबावर सरसर चढते आणि अर्ध्यावर थांबते. मी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

तेवढ्यात वहिनींनी शेजाऱ्यांकरवी बोलावलेलं गिऱ्हाईक आलं. मी नव्याहूनही जास्त भाव सांगितला. तो पुटपुटत निघून गेला.

दारात उभ्या वहिनी ऐकत होत्या. "एवढे कोण देईल?"

"कुणीच नाही."

त्या खारीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्याला आणखी थोडा चढा सांगा."