अण्णांसाठी उकळलेलं पाणी

अण्णांचं दिवसकार्य उरकून नांदेडला परतले, त्यानंतर यंदाच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच माहेरी निघाले. निलंग्याजवळच्या गावात आई आता एकटी असते. तिचे गुडघे आखडायला लागलेत, असं शेजारच्या वहिनींनी फोनवर सांगितलं. अण्णांचंही गुडघ्यांपासूनच सुरू झालं, मग पाठ वाकली. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड, असं डॉक्टर म्हणाले होते.

जायचं असेल तर सकाळची लातूर एसटी धरा. बायकांना निम्मं तिकीट. डावीकडची खिडकी नको, ऊन येतं. अहमदपूरच्या स्टँडवर मी मिरचीची भजी आणि सीलबंद पाण्याची बाटली घेतली. शेजारच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, "पाणी इकतचं, आन् भजी उघड्यावरची?" मी त्यांच्यापुढे भजी धरली. त्यांनी दोन घेतली.

लातूरला बस बदलून औशामार्गे निलंगा. नांगरलेली काळी रानं, मधेच उसाचा हिरवा पट्टा.

गावाच्या फाट्यावर जारच्या पाण्याचा प्लँट आहे. मालक ओळखीचे. फ्लोराइड निघतं का, मी विचारलं.

"निघतं की. पण फिल्टरमधला गाळायचा माल वेळेवर बदलावा लागतो."

"ते कोण तपासतं?"

"सीलबंद बाटलीला नियम हाय. सुट्या जारला कोन इचारतंय ताई? तुमीच पयल्या."

तरी त्यांनी भिंतीवरचा तपासणीचा कागद दाखवला. आमच्या घरातही लहान मुलं हेच पितात, म्हणाले. तुम्हीही जार घेताना हा कागद मागा. सुट्या जारलाही नियम हवाच. गावात बाटली रोज कुणाला परवडते?

"आई उकळून पिते," मी म्हटलं.

ते हसले. "उकळून फ्लोराइड गेलं असतं तर मी चहाची टपरी टाकली असती. पानी उडतं, ते तेवढंच राहतं. उलट दाट होतं."

अण्णांची पाठ दुखायला लागल्यापासून आई रोज पहाटे त्यांच्यासाठी चुलीवर पाणी उकळायची. फडक्यानं गाळून, कोमट करून तांब्या त्यांच्या उशाशी ठेवायची. एक दिवस चुकला नाही.

घरी पोचल्यावर तिनं पेला पुढे केला. "पी. उकळलेलं हाय."

मी प्यायले.

संध्याकाळी म्हटलं, "आई, उद्यापासून जार येईल."

"फिक्कं पानी ते. उकळते की मी."

"चुलीपुढून उठताना पाहिलं मी तुला. आता नको उकळूस."

तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. "बरं. येऊ दे."

नांदेडला येऊन आठवडा झाला. काल तिचा फोन आला. जारच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, म्हणाली. मग तिनं विचारलं, "उकळून काय होत नव्हतं का गं?"

मी ओट्यावरचा गॅस बंद केला.

"अण्णांना तुझ्या हातचं कोमट पाणी लागायचं, आई. दुसऱ्या कुणी दिलेलं ते घ्यायचे नाहीत."

"हाव," ती म्हणाली. "न्हाई घ्यायचे."