सुरेशची भुकटी आणि बंद कूलर

मे महिन्यातल्या दुपारी पल्लवीचा फोन आला. पल्लवी म्हणजे सुरेशची विद्यार्थिनी. रडण्यानं तिला बोलता येईना, पण मला काही विचारावंच लागलं नाही. प्रयोगशाळेच्या त्या बंद खोलीनं शेवटी माझा मित्र नेला...

सुरेश धुळ्याचा, मी जळगावचा. कॉलेजात एका बाकावर बसलो. पुढे मी केळी पिकवायचं चेंबर टाकलं, तो रसायनशास्त्र शिकवू लागला. केळी पिकवायला मी सोडतो तो इथिलीन वायू. प्लॅस्टिकलाही तोच लागतो. पण कारखान्यात त्याच्यासोबत जवळपास त्याच्याच आकाराचा इथेन येतो आणि दोघांना वेगळं करायला प्रचंड वीज जाते. सुरेश धातू आणि सेंद्रिय रेणूंची जाळी विणून भुकटी करायचा. तिच्या भोकांत एक वायू अडकतो, दुसरा निघून जातो. "चाळणीच समज," म्हणायचा. चाळणी झकास होती, पण ओल लागली की जाळी कोसळायची आणि महिन्यांची मेहनत मातीत.

आता खानदेशातला मे! कूलरशिवाय माणूस जगतो का आमच्याकडे? पण कूलर म्हणजे ओली हवा, आणि प्रयोगशाळेतला एसी कधीचा बंद. म्हणून हा बाबा दारं-खिडक्या लावून, कूलर बंद ठेवून त्या भट्टीत बसायचा. एकदा चक्कर येऊन पडला तेव्हा मी भडकलो.

"मरी जाशी एखाद दिन!"

"अरे, हाई भुकटीले ओल चालत नही."

"मग माझ्या चेंबरमध्ये येऊन बस. गार आहे."

"तठे तर भिंती घामेजल्या शेतस," म्हणाला. चेंबरच्या भिंतींना ओल सुटलेली असते, खरंच होतं ते. गाढव लेकाचा, नेहमी खरंच बोलायचा.

यंदा एप्रिलपासूनच त्याची लक्षणं ठीक नव्हती. डोळे लाल, ओठ कोरडे, बोलता बोलता वाक्य विसरायचा... नवी भुकटी ओल सोसेल असं त्याला वाटत होतं. पण आधी वायूची परीक्षा, मग पाण्याची; क्रम म्हणजे क्रम. तोवर तिला ओला वारा लागू द्यायचा नाही. वहिनी मला फोन करायच्या, "भाऊ, त्यांना बाहेर काढा हो." मी जाऊन दार वाजवायचो. आतून यायचं, "थांब, उघडू नको." तो आवाज दर खेपेला खोल गेलेला असायचा. मला त्याची भीती वाटू लागली होती.

पल्लवीनं दार उघडलं तेव्हा तो टेबलापाशी पडला होता. उष्माघात, डॉक्टर म्हणाले. लोकांनी धावपळीत त्याच्या अंगावर पाणी ओतलं, कूलर लावला. तो मग बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. उघडी भुकटी कितीतरी दिवस ओल्या वाऱ्यात पडून राहिली.

परवा वहिनींकडे बसलो असताना पल्लवी आली. म्हणाली, "सरांची शेवटची भुकटी तपासली. जाळी जशीच्या तशी आहे. पाण्यात उकळली, तरी मोडली नाही."

मला आधी आनंदच झाला हो. जिंकला लेकाचा, असं तोंडातून निघूनही गेलं.

 वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भाऊ... त्यांनी कूलर लावला असता, तर चाललं असतं?"

 उत्तर मला द्यावं लागलं.

"चाललं असतं, वहिनी."