चप्पल कुठं काढू?

शहागडच्या खरातांची क्रूझर रस्त्याच्या पलीकडे थांबली, तेव्हा मी एका बाईला साडीचा पदर दाखवत होतो. क्रूझरमधून आधी सुमनआत्या उतरल्या. मग नवरी, मग बाकीच्या बायका. मागच्या जीपमधून नवरदेवाकडची मंडळी. मला वाटलं, आमच्या बाजूला गाडी लावायला जागा नाही म्हणून तिकडे थांबले, आता रस्ता ओलांडतील. कुणी रस्ता ओलांडला नाही. सगळे समोरच्या शोरूमच्या पायऱ्या चढले.

"अहो, पदर पुरता दाखवा की," गिऱ्हाईक बाई म्हणाली.

मी दाखवला. पण त्या बाईनं पुढे कुठली साडी घेतली, ते आज मला आठवत नाही.

मी कापड दुकानातला सेल्समन. नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. माझं सगळं आयुष्य तिथल्या गादीवर गेलं. गादी म्हणजे पांढरी चादर घातलेली लांबरुंद बैठक. गिऱ्हाईकानं दारात चप्पल काढायची, गादीवर ऐसपैस बसायचं, आणि आम्ही समोर बसून एकेक साडीची घडी मोडायची. मोडायची म्हणजे अशी फेकायची, की पदर थेट बाईच्या मांडीपाशी जाऊन पडला पाहिजे.

आणि आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बस्ता. लग्नाचा सगळा कपडा दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून, एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायचा. नवरीच्या साडीपासून ते देण्याघेण्याच्या साड्या आणि टॉवेल-टोप्यांपर्यंत. चहा, नाश्ता, रुसवेफुगवे, सगळं दुकानातच. शेवटी त्या कपड्यांचं गाठोडं बांधतात. ज्याच्या गादीवर बस्ता बांधला, त्या सेल्समनला लग्नाचं आमंत्रण येतं, आणि तिथे लोक त्याला नावानं ओळखतात. खरातांच्या घरचे आधीचे दोन्ही बस्ते मी बांधले होते. हा तिसरा. आत्यांच्या भाचीचा, प्रज्ञाचा. तो समोर चालला होता.

समोर आधी एक तेलाचं दुकान होतं आणि त्याच्या ओट्यावर दोन शिंपी बसायचे. ते पाडून हे तीन मजल्यांचं काचेचं शोरूम उभं राहिलं. मग रस्त्याला जणू साथच लागली. भांडीवाल्याच्या जागी केक शॉप आलं. घड्याळजीच्या जागी सलून आलं, तिथे केस कापायला आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलाचं कॅफे झालं आणि चहाचा कप लहान झाला. या सगळ्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते विलासचं.

विलास आमच्याच दुकानात माझ्या शेजारी गादीवर बसायचा. त्याला घडी मोडायला मीच शिकवलं. दहा साड्या फेकल्या तर चार त्याच्याच डोक्यावर पडायच्या. शोरूम उघडलं आणि हा तिकडे गेला, एकदम फ्लोअर इन्चार्ज. निळा कोट, छातीवर नावाची पट्टी, हातात वॉकीटॉकी. एसीत राहून चेहरा उजळला होता लेकाचा. सकाळी शटर उघडताना तो रस्त्याच्या पलीकडून मला हात करायचा, आणि मी मुद्दाम कुलपाकडे बघायचो. माझी जळजळ व्हायची. डॉक्टरनं ॲसिडिटीची गोळी दिली होती, पण ती या जळजळीची नव्हतीच.

त्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. विलास.

"भाऊ, दोन मिन्टं इकडं येता का? खरातांच्या आत्या ऐकूनच घेईनात. म्हणून राह्यल्या, दत्ताभाऊला बोलवा, तो सांगंल भाव बराबर हाय का न्हाई ते."

मी शेठजींकडे पाहिलं. शेठजी म्हणाले, "जा जा. देखो क्या माजरा है. जमलं तर पार्टी इकडे घेऊन ये."

ते सांगायची गरज नव्हती. मी केसांवरून कंगवा फिरवला आणि रस्ता ओलांडला.

काचेच्या दारापाशी गेलो आणि सवयीनं चपला काढल्या. आत शिरल्यावर पायाला बर्फासारखी फरशी लागली, तेव्हा लक्षात आलं, इथे सगळे चपला-बुटांसकट फिरतायत. दारावरचा माणूस माझ्या पायांकडे बघत होता. परत जाऊन चपला घालाव्यात, तर आणखी हसू व्हायचं. तसाच अनवाणी पुढे गेलो.

आत चौघांपुरता एक सोफा होता. बाकी पंचवीस माणसं आपापल्या पिशव्या सांभाळत उभी होती. सोफ्यावर सुमनआत्या.

"आलात का!" आत्या म्हणाल्या. "बगा, मी बी चपला काढल्या व्हत्या. त्या पोरीनं परत घालाय लावल्या. म्हनली, मॅडम, अलाउड हाय."

"झालं काय आत्या?"

"झालं काय म्हंजी? ह्यो विलास भावच कमी करंना."

विलासला घाम फुटला होता, त्या एसीत. "भाऊ, तुमीच समजावून सांगा. ऑफर आधीच लागलेली हाय. बिल करताना मशीनच कमी करून देतंय."

"मशीनच कमी करून देनार, तर मंग मी शहागडहून कशाला आल्ते?" आत्या म्हणाल्या.

बरोबरच होतं त्यांचं. बस्त्यात घासाघीस करणारं माणूस ठरलेलं असतं, आणि त्या माणसाचा तो मान असतो. परतीच्या वाटेवर गाडीत सगळ्यांनी म्हणायचं, 'आत्या होत्या म्हणून एवढं तुटलं.' इथे सगळ्या जगाला सारखीच सूट. मग आत्यांचं नाव कशावर निघणार?

मला मनातून उकळ्या फुटत होत्या. मी विलासला सगळ्यांसमोर सुनावलं. आवाज चढवूनच सुनावलं.

"बस्ता असा असतो का रे? पंचवीस माणसं उभी ठेवलीस! आधी बसायला गादी पाहिजे. बसलेलं गिऱ्हाईक लवकर उठत नाही. आणि चपला का काढायला लावायच्या, ते विसरलास? भाव पटला नाही की गिऱ्हाईक उठतं. एक चप्पल घालतं, आणि वाट बघतं. एक चप्पल घातली की थांबवायचं आणि भाव तोडायचा. दुसरी घातली, की गिऱ्हाईक गेलं. इथे सगळे चपला घालूनच फिरतायत. तुला कळणार कसं, कोण निघालंय आणि कोण थांबलंय?"

विलास हात बांधून, मान हलवत ऐकत राहिला. मला वाटलं, चांगला वरमला.

"चला आत्या," मी म्हणालो. "आपल्या गादीवर चला."

आणि सगळी वरात माझ्यामागे रस्ता ओलांडून आली. मी मधोमध हात करून ट्रक थांबवला. तेवढं सुख मला त्या वर्षात दुसरं मिळालं नाही.

आमच्या गादीवर सगळे ऐसपैस बसले. चहा आला, भजी आली. मी घड्या मोडत गेलो, एकही पदर चुकला नाही. देण्याघेण्याच्या साड्यांवर आत्यांनी भाव पाडायला सुरुवात केली. मी कपाळावर हात मारला. शेठजींनी, "आत्या, दुकान बंद करायला लावता का?" म्हटलं. आत्या उठल्या, दारात गेल्या, एक चप्पल घातली.

"आत्या, थांबा," मी म्हणालो. "तुमच्यासाठी म्हणून."

आत्यांनी चप्पल काढली आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, की नवरदेवाचे काकासुद्धा माना डोलवायला लागले.

मग नवरीची साडी. बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. मी आमच्याकडच्या सगळ्या पांढऱ्या साड्या गादीवर मांडल्या. सोनेरी काठाची, जरीच्या बुट्टीची, साधी, भारी. प्रज्ञा बँकेत नोकरीला होती, बोलायला शांत. तिनं प्रत्येक साडीवरून हात फिरवला. मग आत्यांच्या कानाशी लागली. पण आत्यांना हळू बोलणं ठाऊक नाही, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"तिकडच्या पोरीनं नेसवून दाखिवल्ती म्हन्ती? आरशात? अगं, पन भाव..."

"आत्या, मी त्यात दिसले मला," प्रज्ञा म्हणाली. "हितं साडी दिसून राह्यली, मी न्हाई दिसत."

आमच्याकडे आरसा होता. खांबावर, वीतभर, त्यावर गंजाचे ठिपके. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला त्याचा संताप आला.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दत्ताभाऊ, पोरीचं मन हाय हो."

"घ्या की आत्या," मी हसून म्हणालो. हसणं हाही आमच्या कामाचा भाग आहे.

बायका प्रज्ञाला घेऊन परत समोर गेल्या. काचेतून मला दिसत होतं. तिन्ही बाजूंच्या आरशांसमोर ती उभी होती, दिव्यांत पांढरी साडी झळकत होती, आणि विलास बाजूला हात बांधून उभा होता. बस्ता दोन ठिकाणी फुटला. देण्याघेण्याचं गाठोडं आमच्याकडे बांधलं गेलं, नवरीचं समोर. लग्नात कुणी विचारत नाही की चुलतमामीची साडी कुठली. विचारतात ती नवरीची.

शेठजी खूश होते. "अरे, देण्याघेण्यातच तर मार्जिन आहे. तुझं तोंड का उतरलं?"

मग माझा तोल गेला. "शेठजी, मार्जिनचं काय घेऊन बसलात? त्यांच्याकडे आरसे आहेत, लाईट आहेत, काउंटर आहेत, नेसवून दाखवायला मुली आहेत. आपल्याकडे काय आहे? एक मळकी चादर! कोण येणार आपल्या गादीवर?"

विलासनं ऐकलं होतं तसंच शेठजींनीही ऐकून घेतलं. मान हलवत.

दिवाळी झाली आणि आमच्या दुकानात सुतार आले. गादी उचलली. तिच्या जागी सनमायकाचे काउंटर आले, छतात लाईट आले, पुरुषभर उंचीचे आरसे आले. खाली चकचकीत टाईल्स. स्टाफनं दिवसभर उभं राहायचं असं ठरलं, कारण बसलेला सेल्समन आळशी दिसतो म्हणे. मला निळा कोट मिळाला. विलासचा होता त्याच कापडाचा. शोरूमनं तोवर तो बंद केला होता.

कारण शोरूमनं दुसऱ्या मजल्यावर बस्त्यासाठी खास दालन उघडलं होतं. शुभ्र चादर, लोड, तक्के, पितळी तांब्या-भांडं. रस्त्यावरून दिसावं म्हणून गादीला लागूनच, खालपासून वरपर्यंत काच. विलास आता तिथे बसतो. निळा कोट जाऊन अंगात कुर्ता आला आहे. वजनही वाढलंय त्याचं, बसून बसून.

परवा सुमनआत्या आल्या. दुसऱ्या भाचीचं लग्न ठरलं आहे. क्रूझर या खेपेला आमच्याच बाजूला थांबली. माझा जीव सुपाएवढा झाला. आत्या दारात आल्या आणि खाली टाईल्सकडे बघत थबकल्या.

"दत्ताभाऊ, चप्पल कुठं काढू?"

"आता काढायची नाही आत्या. तशाच या."

आत्या दोन पावलं आत आल्या. काउंटरकडे पाहिलं, आरशांकडे पाहिलं. सगळ्या आरशांत त्याच उभ्या होत्या.

"मंग बसायचं कुठं?"

मी एक स्टूल ओढलं. एक स्टूल आणि मागे वीस माणसं. आत्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, माझ्या पोरांची चौकशी केली, आणि म्हणाल्या, "येते मंग. रागावू नगा."

थोड्या वेळानं त्या मला दुसऱ्या मजल्यावरच्या काचेत दिसल्या. चपला काढून, मांडी घालून बसलेल्या. विलास घड्या मोडत होता. आता एकही त्याच्या डोक्यावर पडत नव्हती. बऱ्याच वेळानं आत्या तरातरा उठल्या, कडेला गेल्या आणि एका पायात चप्पल सरकवली.

विलासनं त्यांना बरोबर तेव्हाच थांबवलं.

आमच्या धंद्यात येणाऱ्या नव्या लोकांना मी एकच गोष्ट सांगतो. दुसऱ्याचं बघून जळायचं असेल, तर खुशाल जळा, पण तोंड उघडू नका, गप बसून जळा. मला ते उशिरा कळलं. आता बसायची सोय नाही, त्यामुळे मी उभ्यानं जळतो.