तिसऱ्या मजल्यावरचं दार

फ्लॅट घेण्याचा हट्ट माझा होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं सांगताना मी स्वतःला पाठीशी घातल्यासारखं होईल.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आमचं घर सिंदी रेल्वेला. पुढे कापडाचं दुकान, मागे राहणं. मी वर्ध्याच्या एका शाळेत शिकवायची, त्यामुळे सकाळी पॅसेंजरने जायचं आणि संध्याकाळी पॅसेंजरने परत यायचं. मिनू झाल्यावर ही ओढाताण मला झेपेना. गाडीला उशीर झाला की मिनू झोपून गेलेली असायची, आणि दिवसभरात आपल्या मुलीशी आपण एक शब्दही बोललो नाही हे मनाला लागून राहायचं. वर्ध्यात तेव्हा बाजाराजवळ चार-चार मजली इमारती नुकत्या उभ्या राहू लागल्या होत्या. त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आम्ही घेतलं; म्हणजे मी घ्यायला लावलं. मिनूचे बाबा आता उलट दिशेने, दुकानासाठी रोज सिंदीला जाणार होते. त्यांनी कुरकुर केली नाही, पण आनंदही दाखवला नाही. सासूबाई सिंदीतच राहणार होत्या. सामानाची गाडी निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "जमीनच नाई त्या घराले. लेकराले जपजो."

ते वाक्य माझ्याबरोबर तीन जिने चढून वर आलं. फ्लॅट बघायला गेले तेव्हा मला काय काय आवडलं होतं! नळाला पाणी, दोन पावलांवर बाजार, गॅलरीचं आणि पुढचं दार उघडं ठेवलं की घरभर खेळणारं वारं. राहायला आल्यावर त्याच गोष्टींची भीती वाटू लागली. गॅलरीच्या कठड्याच्या गजांमधून मिनूचं डोकं जाईल का, हे मी रोज हाताने मोजायची. गॅसचं बटण तीनतीनदा बघायची. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले दोन अजून विकलेही गेले नव्हते. समोरच्या दारावर वानखेडे अशी पाटी होती आणि आत एक वयस्कर गृहस्थ एकटेच राहत. जिन्यात भेटले तेव्हा मी नमस्कार केला, तर न बघताच निघून गेले. शहरातली माणसं अशीच असायची, असं मी मनाशी धरून टाकलं. सिंदीला दिवसभर दार उघडं आणि येणाराजाणारा आत डोकावून जाणार. इथे दिवसभर कुणाची हाक नाही. फोनसाठी अर्ज केला होता, पण अजून लागायचा होता.

माहेराहून लग्नात मिळालेली पितळेची अन्नपूर्णा मी स्वयंपाकघरातल्या फडताळावर बसवली होती. तिच्यापुढे रोज उभी राहायची, पण त्याला प्रार्थना म्हणावं का, कोण जाणे. मिनूला पडू देऊ नकोस, यांची गाडी चुकवू नकोस, माझा निर्णय चुकीचा ठरवू नकोस. एक मागणं संपायच्या आत दुसरं सुरू. आई, आई म्हणून मी जणू तिचा पदरच ओढत होते. तिने काही सांगितलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं. आणि खरं सांगायचं, तर ती ऐकते यावरचा माझा विश्वासही त्या दिवसांत पातळ झाला होता.

राहायला येऊन अकरा दिवस झाले होते. दिवाळीच्या सुट्ट्या चालू होत्या. हे सकाळीच सिंदीला गेले होते. दुपारचे बारा वाजत आले असतील. मी गॅसवर दूध ठेवलं, मिनूला आतल्या खोलीत भातुकली मांडून दिली आणि तेवढ्या वेळात उंबऱ्याबाहेरचा केर काढावा म्हणून झाडू घेऊन बाहेर आले. दार सताड उघडं होतं. गॅलरीकडून वाऱ्याचा एक झोत आला आणि माझ्या पाठीमागे दार धाडकन लागलं.

सिंदीच्या घराला कडीकोयंडा. तिथे दार आपोआप कधी बंद होत नसे. या दाराला खटक्याचं कुलूप होतं. बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, हे मला माहीत होतं, पण ते अंगवळणी पडलं नव्हतं. माझी किल्ली आत खिळ्याला, दुसरी यांच्या खिशात, सिंदीला. आत तीन वर्षांची मुलगी आणि पेटता गॅस.

मी दारावर हात आपटले. बेल दाबत राहिले. मिनू, मिनू म्हणून जिवाच्या आकांताने ओरडले. आधी ती पळत दाराशी आली, "आई" म्हणाली. पण माझा आवाज ऐकून तीही रडायला लागली आणि रडत रडत आत निघून गेली. मी समोरच्या दारावर थापा मारल्या, ते उघडलं नाही. खाली जाऊन कुणाला आणावं, तर मुलीला सोडून पाऊल निघेना. दाराच्या फटीतून करपल्या दुधाचा वास येऊ लागला, आणि थोड्या वेळाने त्यात दुसरा वास मिसळला. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती. गॅस मात्र चालू होता. मी त्याच उंबऱ्यावर बसले आणि आई, आई करत राहिले. माझ्या आईला हाक मारत होते की देवीला, ते मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून भाजीची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई वर आली. पन्नाशीची असेल. दम लागलेला, एक हात गुडघ्यावर. मी कसंबसं सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली, वास घेतला आणि पहिली गोष्ट केली ती ही, की टोपलीतलं तराजूचं लोखंडी वजन उचलून समोरच्या दारावर असं ठोकलं की सगळा जिना दणाणला. वानखेडे काका बाहेर आले. नंतर कळलं, त्यांना ऐकू अगदी कमी येतं. मी बेलकडे पुन्हा हात नेला तर त्यांनी मनगट धरून मागे ओढला. आयुष्यभर विजेच्या खांबांवर काम केलेला माणूस तो. बेलची एक ठिणगीही पुरे, म्हणाले, आणि त्या वयात धावत खाली मेन स्विच पाडायला गेले. तिथूनच सुताराला आणायला कुणाला तरी पाठवतो, असंही सांगून गेले.

सुतार येईपर्यंत काय? मी पुन्हा दारावर आपटायला लागले. तेव्हा त्या बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात.

"तू गप राह्य जराशी, माय. तुह्या आवाजात भेव हाये. पोरगी तेच ऐकून राह्यली."

मला राग आला. माझी मुलगी आत आणि मी गप्प राहू? पण तिच्या हाताला वजन होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

बाई दारापाशी जमिनीवर आडवी झाली. टोपलीतून कोथिंबिरीची एक काडी घेतली आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवली. मग सावकाश, अंगणात बसून बोलावं तशी बोलू लागली. "मिनू वो, तुह्या घरी ससा आला का? माह्या टोपलीतली कोथिंबीर कोण खाऊन राह्यलं?" आत हुंदके चालूच होते. तिने दुसरी काडी सरकवली. मग तिसरी. सशाला भूक लागली असेल, वगैरे काय काय बोलत राहिली. हुंदके थांबले. छोटी पावलं वाजली. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, अर्धी बाहेर राहिलेली ती हिरवी काडी आतून कुणीतरी ओढून घेतली.

माझ्या तोंडून हाक निघणार होती. बाईने न बघताच हात वर करून मला थांबवलं. मग तिने मिनूला विचारलं, घरात बसायला काय काय आहे. खुर्ची आहे, पलंग आहे, लाल इस्टूल आहे, असं मिनूने सगळं नीट सांगितलं. ते लाल इस्टूल दाराशी आण, सशाला बाहेर यायचं आहे, बाई म्हणाली. फरशीवरून प्लास्टिक घसटत येण्याचा आवाज मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. वास वाढत होता. "आता वर चढ. हात भिताडाले लाव. चढली? आता ते गोल बटन पिरगाळ. नाई होत? दोन्ही हातानं धर, बाई माही."

दोनदा खटका अर्धा फिरून परत गेला. तिसऱ्यांदा दार उघडलं.

बाईने मिनूला उचलून थेट जिन्याकडे नेलं. मी श्वास रोखून आत गेले, गॅस बंद केला, खिडक्या आणि गॅलरी उघडली आणि बाहेर येऊन बसले ते बराच वेळ उठलेच नाही. मिनू त्या बाईच्या कडेवर गाजर खात होती. सुतार आला तेव्हा त्याला करायला काही उरलं नव्हतं.

तिचं नाव सुभद्राबाई. नालवाडीला तिचं घर, शेतातली भाजी घेऊन रोज शहरात येते. मी तिला पाणी दिलं, जेवायला थांब म्हटलं. भाजी सुकेल म्हणून ती थांबली नाही. निघताना तिने सहज विचारलं, "भाजी कोणाले पायजे होती वं?" मी म्हटलं, कुणाला नाही, मी हाक मारली नाही. तेव्हा ती म्हणाली की ती जिने कधीच चढत नाही, गुडघ्यांना सोसत नाही. गिऱ्हाईकच खाली येतं. पण आज तिसऱ्या मजल्यावरून बाईमाणसाची स्पष्ट हाक आली, वर ये म्हणून. पहिल्या मजल्यावर दम खायला बसली होती, तेव्हा तिला वर दार आपटल्याचा आवाज आला, आणि उरलेले जिने चढायला गुडघ्यांमुळे तिला बराच वेळ लागला.

म्हणजे तिला हाक ऐकू आली तेव्हा आमचं दार अजून उघडं होतं, आणि मी गुपचूप केर काढत होते. त्या मजल्यावर माझ्याशिवाय दुसरी बाई नव्हती. मी हे तिला सांगितलं. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "असंन कोणी." आणि एकेक पायरी सांभाळत उतरून गेली.

मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. रस्त्यावरचा आवाज भिंतीवर आदळून भलतीकडून ऐकू येतो, हेही मला माहीत आहे. संध्याकाळी हे आले तेव्हा मी सगळं एका दमात सांगितलं आणि "तरी आई सांगत होती" हे ऐकायची तयारी ठेवली. पण ते मिनूला मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिले. मग उठून समोर गेले आणि वानखेडे काकांना चहाला घेऊन आले. काकांच्या कानाशी ओरडून बोलताना आमच्या घरात पहिल्यांदा मोठमोठ्याने हसणं झालं. दुसऱ्या दिवशी एक किल्ली कायमची त्यांच्याकडे गेली. रविवारी सासूबाई आल्या. त्यांना मी काही लपवलं नाही. त्यांनी सुभद्राबाईंसाठी एक लुगडं काढून ठेवलं आणि ते स्वतः नालवाडीला जाऊन दिलं.

त्या फ्लॅटमध्ये आम्ही पुढे बरीच वर्षं राहिलो. माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही; माझा स्वभावच काळजीचा. पण त्या दुपारी उंबऱ्याबाहेर पदर तोंडात धरून बसले असताना मला एक गोष्ट उमगली. माझ्या मुलीला वाचवायला माझंच ओरडणं आड येत होतं. मी गप्प झाले, तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी शांत बोलणं तिच्यापर्यंत पोहोचलं. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मी तोवर समजत होते. पण ते दाराशीच बसून राहणं असतं, डोळे उघडे ठेवून, आणि ज्याला पुढे बोलायचं आहे त्याला बोलू देणं.

आता अन्नपूर्णेपुढे हात जोडते, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. मी थोडा वेळ काहीच सांगत नाही. त्या शांततेत कधी काही ऐकू येतं, कधी नाही येत. दोन्ही वेळा मी कृतज्ञतेने नमस्कार करते आणि कामाला लागते.